पन्हाळा-मसाई पट्ट्यात पहाटेचं पळणं: गवा, कुत्री आणि बाकीची मंडळी

सडाफिरस्ता
मंडळी, डिसेंबरातल्या सिंहगड-राजगड-तोरणा ट्रेल शर्यतीसाठी आमच्या चौघांची तयारी चालू आहे. आठवडाभर कोल्हापुरातच रंकाळा नाहीतर विद्यापीठाचा परिसर, आणि रविवारी लांबचा टप्पा: कधी कुशिऱ्याकडून जोतिबा चढून गिरोलीमार्गे पन्हाळा, कधी पुसाटी बुरुजावरून उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे आणि वर मसाई पठार. डांबरावर पळून डोंगराची शर्यत होत नाही, हे इथं कुणाला सांगायला नको.

अडचण अशी की पाऊस उघडल्यापासून गव्यांच्या बातम्या वाढल्यात. तुरुकवाडीच्या पुढं वाटेवर ताजा पो दिसला. म्हशीचा असेल म्हणून पुढं गेलो, तर थोड्या अंतरावर करवंदीच्या जाळीमागं हेडटॉर्चच्या उजेडात दोन डोळे चमकले, आणि त्यांच्या मागं आणखी दोन. जाळी मोडल्याचा आवाज आला, मग काही नाही. आम्ही परत फिरलो. तेव्हापासून घरी रविवारचा विषय काढला की भांडी जरा जोरात आपटतात.

तर, गवा समोर आलाच तर नेमकं करायचं काय? घुंगरू, शिट्टी, स्पीकर यांचा उपयोग होतो का? आणि अंधारात निघणं बंदच करावं का? शर्यतीत अंधार असणार, त्यामुळे त्याची सवय तर हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान नको, प्रत्यक्ष पळणाऱ्यांचे आणि त्या भागात राहणाऱ्यांचे अनुभव हवेत.

तालमीतला
भावा, गवा मागं लागला तर तुझा आजवरचा सगळ्यात भारी टायमिंग त्याच दिवशी लागणार. घड्याळ चालू ठेव फक्त. (हलकं घ्या.)

जंगलवाट
बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेला राधानगरीत मचाणावर बसत आलोय, त्यामुळे गव्यांबद्दल थोडं बोलू शकतो.

गवा भांडकुदळ नाही. वास किंवा आवाज आधी लागला तर कळप बाजूला होतो आणि तुम्ही शेजारून गेलात तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. घोळ होतो तो दोनच प्रकारांनी. एक म्हणजे वळणावर अचानक नाकासमोर आलात, आणि दुसरं म्हणजे त्याची निघून जायची वाट तुम्ही अडवलीत. पळणारा माणूस हे दोन्ही सहज करतो, कारण त्याचा आवाज कमी आणि वेग जास्त. चालणाऱ्या ट्रेकर्सच्या घोळक्याची बडबड गव्याला अर्धा किलोमीटरवरून कळते. तुमचे रबरी तळ वाजतच नाहीत.

पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, खांद्यापाशी सहा फुटांच्या आसपास उंच. इशारा तो नक्की देतो. आधी मान वर करून नाकातून जोरात फुस्कारतो. मग अंग आडवं करून उभा राहतो, पाठीवरचा उंचवटा पूर्ण दिसेल असा. लोकांना वाटतं फोटोला उभा राहिलाय. तो आपला आकार दाखवत असतो. तिथं थांबायचं, हातवारे करायचे नाहीत, तोंड त्याच्याकडंच ठेवून एकेक पाऊल मागं सरकायचं. डोकं खाली घालून खुरानं माती उकरायला लागला तर झाड, मोठा दगड, बांध, जे हाताशी असेल ते मध्ये घ्यायचं. चढावर तो तुमच्यापेक्षा कितीतरी जोरात पळतो, तेव्हा किलोमीटरमागं किती मिनिटं हे गणित तिथं विसरा.

आणखी एक. एक गवा वाट ओलांडून गेला म्हणजे विषय संपला असं नसतं, मागून कळप येत असतो. माद्यांबरोबर पिल्लं असतील तर त्या जास्त तापट. पाच-दहा मिनिटं थांबा, पाणी प्या. हेडटॉर्चचा झोत डोळ्यांवर रोखू नका, खाली घ्या.

आणि मोबाईल खिशात ठेवा. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता, आठवत असेल. लोकांनी हुसकावून हुसकावून त्याला एवढं दमवलं की पकडल्यावर काही तासांत तो मेला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, आपल्या शहराच्या वेशीवर गवा आला तेव्हाही बघ्यांची गर्दी होतीच, आणि भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला.

वाघबीळचा_वळसा
एवढं घाबरायचं तर ट्रेडमिल घ्या ना राव. मी कमरेला ब्लूटूथ स्पीकर लावून पळतो, झिंगाट चालू असतं. गवाच काय, ससासुद्धा दिसला नाही कधी.

जंगलवाट
@वाघबीळचा_वळसा, ससा दिसत नाही यात नवल ते काय! गंमत सोडा, पण स्पीकरचा तोटा असा की तुम्हाला स्वतःला काही ऐकू येत नाही. गव्याचा फुस्कारा, वानरांचं खाकरणं, मोरांचा अचानक सुरू झालेला गलका, हे सगळे फुकटातले इशारे आहेत. इअरफोनचंही तेच. बोलत पळा. दम लागत असेल तर वळणाआधी एक हाक द्या नाहीतर टाळी वाजवा. काठीला बांधलेलं घुंगरूही चालतं. त्याच्यासाठी गावाला डीजे ऐकवायची गरज नाही.

म्हाळुंगेकर
आमी त्याच वाटंवर ऱ्हातोय म्हणून लिवतोय. गव्याचं तुमी लई बोलला. त्यो दिसतोय तरी. न दिसणारं सांगतो.

रानडुकरं भुईमूग आन ऊस उकरत्यात. त्येच्यासाठी कायजण शेताला तार बांधत्यात. झटका मशीनवाली असंल तर झिणझिण्या येत्यात आन माणूस मागं सरतंय. पर कुणी कुणी आकडा टाकून सरळ लाईनीचा करंट सोडतंय. ह्ये बेकायदा हाय, समद्यांस्नी ठावं हाय, तरी करत्यात. त्यात डुक्कर मरतंय, गवा मरतोय, आन रातीचं पाणी पाजाय गेलेला माणूसबी मरतोय. तुमी आंधारात शॉर्टकट मारून उसाच्या कडंनं घुसता, तुमच्या घड्याळात मार्ग दिसतोय म्हणून. त्या घड्याळाला तार दिसत न्हाई.

तसंच वाटंत कापडाचा न्हाईतर सुतळीचा गोळा पडलेला दिसला तर लाथ मारायची न्हाई, उचलायचा न्हाई. डुकरासाठी पेरलेला गावठी बाँब आसतोय. कुत्र्यांची तोंडं फाटलेली बघितल्यात आमी.

मळलेली वाट सोडू नका. वाट चुकली तर घर बघा, हाक मारा. चोर समजून कुत्री सोडतील, पर हाकंला वळख दिली की च्या पण देतील.

सडाफिरस्ता
बापरे. तारेचं डोक्यातच आलं नव्हतं. मामा, मनापासून आभार. पुसाटीहून उतरल्यावर ओढ्याकडचा जो तुकडा आम्ही शेताच्या कडेनं घेतो, तो आजपासून बंद.

गवे एवढे खाली का यायला लागलेत? लहानपणी मसाईला जायचो तेव्हा असं ऐकलंही नव्हतं.

म्हाळुंगेकर
डोंगराला दरसाल वणवा लावत्यात. फेब्रुवारी-मार्चात सगळं गवात जळून जातंय. वर रानमोडी आन घाणेरी माजलीया, ती त्यो खात न्हाई. आन खाली बघावं तर बारा म्हयनं हिरवागार ऊस. तुमी आसता तर काय केलं आसतं?

जंगलवाट
मामांनी दोन ओळीत सांगितलं ते बरोबर आहे. एवढंच जोडतो की हा सगळा पट्टा त्यांच्या जाण्यायेण्याचा आहे. वर चांदोली, कोयना म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, खाली राधानगरी, आणि त्याही खाली आजरा, चंदगड. मधले तुकडे जोडलेले राहावेत म्हणूनच शासनानं पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड यांना संवर्धन राखीवचा दर्जा दिला. आपण ज्याला ट्रेल म्हणतो ती त्यांची ये-जा करायची वाट आहे, आणि त्यांची वर्दळ पहाटे आणि संध्याकाळी असते. नेमक्या त्याच वेळी आपण बूट बांधून हजर.

चंदगडी_काजू
तुमचं गवा गवा चाललंय, आमच्याकडं या. इथं हत्ती आहेत! कर्नाटकातून दोडामार्गात उतरले, मग आमच्याकडं आणि आजऱ्यात. रात्री फणसाच्या झाडाखाली सावली हलली की अख्खी वाडी जागी.

पण खरी भीती अस्वलाची. त्याची नजर अधू, कानही फार तेज नाहीत, नाक मात्र वारुळात घातलेलं. तुम्ही अंगावर जाईपर्यंत त्याला कळत नाही आणि कळलं की ते थेट तोंडावर येतं. मे महिन्यात करवंद-जांभळाच्या दिवसात आमच्याकडं जाणती माणसं जंगलातनं जाताना मुद्दाम खाकरत जातात. कोण तरी झुडपात बसलंय असं समजूनच चालायचं.

सायंतारा
बायकांच्या बाजूनं थोडं. मला गवा कधीच भेटला नाही. कुत्री मात्र प्रत्येक वेळी भेटतात, आणि त्यावर कुणी धागा काढत नाही.

गावातली कुत्री हद्दीपुरती भुंकतात. पळणं थांबवून चालत गेलं, वाकून दगड उचलल्यासारखं केलं की मागं सरतात. धनगरवाड्याची कुत्री वेगळी. ती बकऱ्यांची राखण करतात आणि ती त्यांची नोकरीच आहे. मसाईच्या सड्यावर एकदा धुक्यात मी थेट कळपात शिरले. एक पांढरा, कान कापलेला कुत्रा आवाज न करता आला आणि माझ्या पिंढरीपासून वीतभर अंतरावर थांबला. गुरगुरणंसुद्धा नाही. ओठ वर गेलेला, खालचा एक सुळा अर्धा तुटलेला, एवढं दिसत होतं. मी हात छातीशी घेऊन उभी राहिले आणि ओरडले, "ओ मामा, कुत्रं धरा की!" धुक्यातून नुसती शीळ आली. कुत्रा वळून निघून गेला, जसा काही माझ्यात त्याला रस नव्हताच. मामा दिसलेच नाहीत.

तेव्हापासून बकऱ्यांच्या घंटा ऐकू आल्या की लांबून हाक घालते आणि कळपाला वळसा मारते.

दुसरं म्हणजे आग्या मोहोळ. कड्यांना आणि मोठ्या झाडांना लोंबणारी मोठी काळी पोळी. तिथं सेंट, शेकोटी, ड्रोन, आरडाओरडा काही नको. आणि उठलीच माश्यांची झुंड, तर वर सगळ्यांनी जे सांगितलं त्याच्या उलट करायचं: पळायचं! तोंड-डोकं झाकून, थांबून झटकत न बसता, जेवढं लांब जाता येईल तेवढं. एक डसली की तिच्या वासावर बाकीच्या येतात. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसचा जंगलात कामाला येणारा हा एकच प्रसंग असावा.

तालमीतला
शेवटचं वाक्य लई भारी. +१

डॉक्टरीणबाई
सायंतारा, कुत्र्याचं ओरखडणंसुद्धा सोडून द्यायचं नाही, चावणं तर लांबच राहिलं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हळद, चुना, मिरची काही लावू नका. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते विचारून घ्या. रेबीज एकदा झाला की आमच्या हातात काही उरत नाही, म्हणून एवढा दम देऊन सांगतेय.

आता सापाबद्दल, कारण अजून कुणीच विषय काढला नाही. गवतातल्या वाटेवर आणि कातळावर मला सगळ्यात जास्त काळजी घोणस आणि फुरशाची वाटते. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते, पण कानात गाणी असली की तो कोण ऐकणार? फुरसं लहान आणि मातीच्या रंगाचं, अंधारात दिसत नाही. दोघांच्याही विषानं रक्त गोठायचं थांबतं. दवाखान्यात आम्ही काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतो. नळी तिरकी केल्यावर ते वाहिलं, तर प्रतिविष लगेच सुरू करावं लागतं. एवढी साधी तपासणी आहे.

चावल्यावर पळायचं नाही. एरवी पळणाऱ्यांना हेच जड जातं, "गाडीपर्यंत दोनच किलोमीटर आहेत" म्हणून निघतात. पाय न हलवता ठेवायचा, जमलं तर फळकुटाला किंवा ट्रेकिंग पोलला सैलसर बांधायचा, बूट, अंगठी, पैंजण काढायचं. आवळून दोरी बांधायची नाही, चीर द्यायची नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडं तर मुळीच नाही. दोघांनी उचलून आणायचं आणि १०८ ला फोन. प्रतिविष सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात मिळतं. साप पकडून पिशवीत घालून आणू नका हो, आमच्याकडं आधीच गर्दी असते!

आंबा घाटाकडं किंवा राधानगरीकडं पावसात गेलात तर हिरवा चापडाही असतो, झुडपाच्या फांदीवर. धरायला हात घालण्याआधी फांदीकडं बघा.

अवांतर: गोचिडी. पळून आल्यावर मांड्या, काखा, कंबरपट्टा तपासा. दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून माकडताप दिसला तो गोचिडीमुळंच. त्या बाजूला सरावाला गेलात आणि नंतर आठवड्याभरात जोराचा ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगा. पेशंट सगळं सांगतात, हे एवढंच सांगत नाहीत.

वाघबीळचा_वळसा
बरं, स्पीकर काढला. पण बिबट्याचं काय? उसात असतोच की.

जंगलवाट
असतो. पण तो तुम्हाला बघून गेलेला असतो, तुम्ही त्याला बघत नाही. उसाची तोड सुरू झाली की त्याची लपायची जागा एका दिवसात उघडी पडते, त्यामुळे गळिताच्या हंगामात फडाजवळून अंधारात जाऊ नका, एवढं पुरे. समोर आलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, बूट बांधायलासुद्धा वाकायचं नाही. बसलेला माणूस त्याला वेगळाच दिसतो. ताठ उभं राहून, हात वर करून, मोठ्यानं बोलत मागं सरका. पिल्लं दिसली तर जवळ जायचं नाव काढू नका, आई तिथंच असते. नंतर १९२६ ला, वनखात्याच्या हेल्पलाइनला कळवा. रेंज आल्यावर.

आपल्याकडं एकेकाळी चित्ते होते, माहितीय का? संस्थानकाळात दरबारात पाळलेले, हरणांच्या शिकारीसाठी. त्यांना सांभाळायला चित्तेवान असायचे. पळण्याची खरी शर्यत कोल्हापुरात तेव्हा व्हायची.

ढाक_बहिरी
पुण्याहून. तुमच्याकडं दाजीपूर असताना मसाईलाच का अडकलाय? तिथली जंगलवाट पळायला काय सुंदर असेल!

जंगलवाट
@ढाक_बहिरी, दाजीपूर हे राधानगरी अभयारण्यात येतं. १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं, १९८५ ला वाढवलेलं, आता ३५१ चौरस किलोमीटर. परवान्याशिवाय आत शिरणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. फाटकावर नोंद करून, वाटाड्या घेऊन, त्यांनी सांगितलेल्या वेळेत फिरता येतं आणि पावसाळ्यात बंद असतं. तिथं पळायचा हट्ट माझ्या मते करूच नये. सगळ्या सुंदर जागा पळण्यासाठी नसतात, काही ठिकाणी नुसतं चालावं.

सडाफिरस्ता
सगळं वाचून आम्ही चौघांनी काल दूध कट्ट्यावर बैठक मारली. ठरलं ते असं.

अंधारातला सराव डोंगरात करायचा नाही. तो शनिवारी पहाटे जोतिबाच्या गाडीरस्त्यावर, हेडटॉर्च लावून, कारण शर्यतीत जी सवय लागते ती टॉर्चच्या उजेडात पाय टाकायची. ती रस्त्याच्या कडेच्या खडीवरही लागते. रविवारी पन्हाळ्यावर गाडी लावून उजाडल्यावर निघायचं. ऊन तापायच्या आत परतायचं म्हणजे टप्पा थोडा लहान होणार, त्याची भरपाई पुसाटीच्या उतारावर दोनदा वरखाली करून. एकट्यानं कुणीही जायचं नाही. प्रत्येकाकडं शिट्टी, क्रेप बँडेज, आणि एकाकडं तरी वेगळ्या कंपनीचं सिमकार्ड, कारण मसाईवर आमच्यातल्या तिघांच्या फोनला रेंज नसते आणि चौथ्याच्या असते. कानात काही नाही.

एक प्रश्न मात्र उरलाच. जुलैत पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत शेकडो माणसं त्याच वाटेनं रात्री-पहाटे जातात, तेव्हा गवे कुठं जातात?

म्हाळुंगेकर
खालच्या अंगाला, झाडीत. एवढ्या लोकांचा "हर हर महादेव" ऐकल्यावर कोण थांबंल? चार दिसानं परत येत्यात. तवर आमच्या भाताला जरा इसावा.

डॉक्टरीणबाई
क्रेप बँडेज सापासाठी आवळून बांधू नका, एवढं पुन्हा एकदा. मुरगळलेल्या पायाला वापरा, तेच जास्त लागतं.

सायंतारा
रविवारी मीही येते. उजाडल्यावर म्हणजे साडेसहा ना? पुसाटी बुरुजापाशी भेटू.

सडाफिरस्ता
साडेसहा. मामा, म्हाळुंग्यात पाणी भरून घेतलं तर चालेल का?

म्हाळुंगेकर
इचारतोस काय! आडाचं पाणी हाय. परतताना थांबा, भाकरी आन ठेचा खाऊन जावा. त्या स्पीकरवाल्यालाबी आणा, बघू दे कसा दिसतोय.

वाघबीळचा_वळसा
येतो मामा. स्पीकर घरी.